वाघोबाच्या जागी पपई

भाडेकरू कामावर गेले की घरमालकीण त्साओ काकू वरच्या मजल्याची वीज तोडत. या चिंगूसपणापायी पुढचं सगळं रामायण घडलं. पण मालकाने केली ती काटकसर आणि भाडेकरूने केला तो गुन्हा, हा हिशोब ताइनानच्या त्या गल्लीतही पक्का होता.

वरच्या मजल्यावरच्या बी-युनने गुन्हा केला होता, हे खरं. घरात जनावर चालणार नाही, असं काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तरी तिच्या पलंगाखालच्या काचेच्या पेटीत पपई राहत होती. पिवळीधमक, काळ्या ठिपक्यांची, जाड शेपटीची पाल. दिवसभर विमा कचेरीत साहेबाची बोलणी खाऊन आलं की बी-युन तिला चिमट्याने रातकिडे भरवायची आणि साहेबाला घालायच्या शिव्या तिला ऐकवायची. अख्ख्या शहरात तिचं मधेच न तोडता ऐकून घेणारं एवढं एकच कोणी होतं.

थंडीची लाट आली. वीज नाही, म्हणून पेटीखालची ऊब देणारी गादी दिवसभर गार. संध्याकाळी बी-युन घरी आली तर झाकण सरकलेलं, पेटी रिकामी. एवढ्यात खालून काकूंची आरोळी आली.

"वाघोबा आले! अगं, खाली ये, प्रत्यक्ष वाघोबा आले!"

काकूंच्या देवघरात भूमीदेव वर टेबलावर आणि त्याचं वाहन वाघोबा खाली, जमिनीलगतच्या कोनाड्यात. तिथे लाल दिवा अखंड जळायचा. घरात ऊब होती ती तेवढीच. लाकडी वाघोबाच्या पुढ्यात पपई ऐसपैस पसरली होती, डोळे मिटून, गालातल्या गालात हसत.

बी-युन धावत खाली आली. खरं सांगावं तर आपण रस्त्यावर. गप्प बसावं तर पपई कायमची देव्हाऱ्यात.

तोवर शेजारचे माशांचे गोळे विकणारे को मामा नैवेद्याचं कच्चं अंडं घेऊन हजर. "अंगावर ठिपके बघा! वाघच हो! काकू, अंड्याने काय होतंय? वाघोबाला फटाके लागतात. माळ आणतो, इथेच पुढ्यात लावू."

"माळ लावून तर दाखवा!" बी-युन कडाडली. "पाल आहे ती. माझी पाल. पपई नाव तिचं."

को मामांचा अंड्याचा हात तसाच राहिला.

"पाल? माझ्या घरात?" काकूंचा आवाज चिरकला. "मी सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही. पण तुम्ही वीज तोडता म्हणून ती गारठून इथे आली. भाडं बरं पूर्ण घेता!"

"सामान बांध."

"बांधते. आधी देवाला विचारा. त्याच्या पायाशी आलेल्या जिवाला मी नाही उचलणार."

को मामा बघत होते, त्यामुळे काकूंना माघार घेता येईना. त्यांनी कौलाच्या दोन लाकडी फाका घेतल्या, गुडघे टेकले. "देवा, या दोघींना हाकलू ना?" फाका टाकल्या. दोन्ही उताण्या.

"देव हसला! म्हणजे हो नाही, नाही पण नाही," को मामा म्हणाले.

पुन्हा टाकल्या. पुन्हा उताण्या.

"तुमचा प्रश्नच हसण्यासारखा आहे," बी-युन म्हणाली. "पपईने इथे राहावं का, ते विचारा."

"देवाला पालीचं विचारू?"

"मघाशी पाया पडत होतात की तिच्या!"

काकूंनी दात-ओठ खात विचारलं. कौल पक्का व्हायला सलग तीन होकार लागत. एक फाक पालथी, एक उताणी. होकार. दुसऱ्यांदा होकार. तिसऱ्यांदा को मामा इतके पुढे वाकले की हातातलं अंडं फुटलं. होकार!

बी-युनने पपईला ओंजळीत घेतलं, छातीशी धरलं. काकू गुडघे चोळत उठल्या.

"एवढी नाचू नकोस. पपई राहील. तुझं मी विचारलेलंच नाही."

"मग विचारा ना."

काकूंनी फाकांकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं आणि फाका हळूच ठेवून दिल्या.

"जा वर. एका संध्याकाळी माणसाने हरायचं तरी किती?"