ही होडी बुडू द्या

रविवारपर्यंत बाबांची होडी पाण्यावर तरंगेल, आणि त्यासाठी मला घरातल्या कुणाच्याही मदतीची गरज नाही, असं धाकटीने जेवताना जाहीर करून टाकलं. ती वाचनालयात नोकरीला होती आणि आठवडाभरात लाकडी होड्यांवरची तीन जाडजूड पुस्तकं तिने संपवली होती. पुस्तक संपलं की निम्मं काम झालं, असं तिला लहानपणापासून वाटत आलेलं आहे.

"ठीक आहे, रविवारपर्यंत," दादा म्हणाला. "नाही तरंगली तर सोमवारी वखारवाला करवत घेऊन येईल. शेड रिकामी करायचीच आहे."

"तरंगेल."

"अगं, चार वर्षं ती शेडमध्ये उपडी पडली आहे. फळ्यांमधल्या फटींतून पलीकडची भिंत दिसते. त्यात उरलंय काय?"

जेवताना होडीचा विषय नको, असं म्हणून आत्याने धाकटीच्या ताटात न मागता आणखी भाजी वाढली. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते आणि या तीन महिन्यांत आत्याने तिला एकदाही धड रडू दिलं नव्हतं. डोळे भरून आले रे आले की आत्या चहाचा कप घेऊन हजर. मायेने, पण हजर.

होड्या दुरुस्त करणारे मिस्त्री तलावाच्या पलीकडच्या काठाला राहत. बाबांचे जुने स्नेही. त्यांनी येऊन होडीवरून हात फिरवला, दोन ठिकाणी नखाने टोकरलं आणि सांगितलं, "लाकूड सुकून आक्रसलंय. त्याला पाणी पाजायचं. धक्क्याला बांधून ठेवा. फटींतून पाणी आत येईल, होडी काठोकाठ भरेल, बुडेल. बुडू द्यायची. तीन दिवस हात लावायचा नाही. फळ्या फुगल्या की फटी आपोआप मिटतात."

"त्यापेक्षा फटींत आधीच लांबी-पुट्टी भरली तर? पुस्तकात दिलंय."

"तर फळ्या फुगतील, आणि फुगायला जागा नाही म्हणून निखळतील. काही करायचं नाही, ताई. तेवढंच लोकांना जमत नाही."

धाकटीला जमणार होतं. सोमवारी सकाळी दोन हमालांनी होडी हातगाडीवरून तलावावर नेली, तिने ती धक्क्याच्या कडीला बांधली आणि निर्धास्तपणे वाचनालय गाठलं. संध्याकाळी येऊन बघते तर होडी काठावर, उन्हात, उपडी आणि खडखडीत कोरडी. शेजारी निवृत्त हेडमास्तर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एक हात कमरेवर.

"बुडत होती पोरी, तुझ्या बाबांची होडी. पाच जण लागलो. पण काढली."

कमरेवरचा हात रुबाबासाठी नसून चमक भरल्यामुळे होता, हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. तिने आभार मानले. दुसरं काय करणार होती?

मंगळवारी होडी परत पाण्यात गेली. या खेपेला हेडमास्तरांना सगळं नीट समजावून सांगितलं. पण सकाळी पोहायला येणाऱ्या बायकांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्या सात जणी होत्या, आणि त्यांतल्या दोघींना बाबांनीच पोहायला शिकवलं होतं. बुधवारी वाचनालयात फोन आला. "अजिबात काळजी करू नकोस. आम्ही नुसती बाहेर नाही काढली, आतून टॉवेलने पुसूनसुद्धा घेतली."

गुरुवारी तिसऱ्यांदा. आता मात्र धाकटीने पाटी लावली. लिहिलेल्या शब्दावर तिचा फार विश्वास. बराच विचार करून तिने चार मसुदे फाडले आणि पाचवा रंगवला: "ही होडी बुडू द्या. कृपया वाचवू नका." खाली स्वतःचं पूर्ण नाव.

दुपारी अग्निशमन दलाचे दोघे जण हेल्मेट काखेत धरून वाचनालयात आले. ते होडीसाठी आलेच नव्हते, पाटीखालच्या नावासाठी आले होते. धाकटीने दबक्या आवाजात अर्धा तास लाकूड, पाणी आणि फळ्या समजावल्या. दोघांनी समजुतीने माना हलवल्या. मग त्यांतल्या वयस्कर जवानाने हळूच विचारलं, "ते सगळं खरं, ताई. पण घरी कोण कोण असतं?"

एक झालं. होडीला हात लावायची कुणाची हिंमत उरली नाही. लोक आता काठावर पाळीपाळीने बसून धाकटीवर नजर ठेवू लागले. आत्याने कामानिमित्त बाहेरगावी गेलेल्या दादाला फोन केला, आणि काय सांगितलं कोण जाणे, शनिवारी दुपारी दादा घरी न जाता स्टेशनवरून थेट तलावावर आला. होडीचा काठ तेवढा पाण्यावर दिसत होता. त्याने पाटी वाचली नाही. बहीण पायरीवर धडधाकट बसलेली पाहिली, मग होडी पाहिली, बॅगेतून जेवणाचा डबा काढला आणि बुटांसकट कमरेइतक्या पाण्यात उतरून डब्याने उपसायला लागला.

"बघत काय बसलीस? बादली आण. बाबांची होडी बुडतेय."

तिने त्याला थांबवायला हवं होतं. तो पाठमोरा होता, हात भराभर चालले होते, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. आत्या घरी होती आणि आसपास कुणाकडेच चहा नव्हता. धाकटी पायरीवर बसून मनसोक्त रडली. मग चेहरा धुतला आणि बादली घेऊन त्याच्या शेजारी उतरली.

होडी अर्धी रिकामी झाली तेव्हा मिस्त्री आपली होडी वल्हवत आले.

"हा काय उद्योग?"

"उपसतोय," दादा धापा टाकत म्हणाला.

मिस्त्रींनी वाकून आत पाहिलं. "खालच्या फळ्यांनी धरलंय. आपणहून पाणी येत नाही आता. पण वरच्या दोन अजून भिजायच्यात. उद्यापर्यंत भरलेली हवी. ओता परत."

दादा डबा हातात धरून उभा राहिला. "मिस्त्री, खरं सांगा. असल्या जुन्या होडीची दुरुस्ती करण्यात काही अर्थ असतो का?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "तळाची एक फळी बदलायला झालीय. आणि कोरडी ठेवली की पुन्हा हेच. फायबरची घ्या, सुटसुटीत." मग वल्ही उचलता उचलता म्हणाले, "फक्त ती फायबरची बुडताना दिसली तर लोक पाण्यात उतरणार नाहीत, व्हिडिओ काढतील."

दादाने खिशातून फोन काढला. तो ओला होऊन बंद पडला होता. म्हणून धाकटीच्या फोनवरून त्याने वखारवाल्याला सांगितलं की सोमवारी येऊ नका. आणि नंतर कधी, असं त्याने विचारल्यावर, नंतरही नको.

"बादली दे इकडे," तो तिला म्हणाला.

तो बादलीने आणि ती डब्याने, दोघं बाबांच्या होडीत पाणी ओतू लागले. हेडमास्तरांची काठावरची पाळी चालू होती. सगळं एकदा समजावून सांगितलेलं असूनही ते ताडकन उठले, चार पावलं आडोशाला गेले आणि त्यांनी आत्याला फोन लावला.

"बाई, असाल तशा निघा. आता थोरलाही."