मास्तर उलटे लटकले त्याची गोष्ट

त्या मोठ्या हरणाला यंदा मीच बाणाने टिपणार, हे मी सप्टेंबरातच अख्ख्या गावाला सांगून टाकलं होतं! पेट्रोल पंपावर सांगितलं, चर्चच्या पायरीवर सांगितलं, शुक्रवारी तळलेले मासे खायला सगळे जमतात तिथेही सांगितलं.

"आता फक्त हरणालाच सांगायचं राहिलंय," माझी बायको आर्डिस म्हणाली. "तेवढं सांगून या, म्हणजे तेही तयारीत राहील."

उत्तर विस्कॉन्सिनच्या या गावात मी जन्मभर मास्तरकी केली. निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही. आमच्या शिकारी क्लबच्या हॉलमध्ये अजून मुलांना शिकवतो: बंदूक कशी धरावी, नळी कुठे रोखावी, आणि मुख्य म्हणजे गोळी कधी झाडू नये. मुलांवर माझा फार जीव. पण ऑक्टोबरातले ते दोन दिवस सोडून!

त्याचं असं आहे. आमचा धनुष्याचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. मोठ्यांच्या बंदुका थेट नोव्हेंबरात. मधे सगळं रान शांत, आमचं. पण ऐन ऑक्टोबरात, हरणं बेसावध असताना, सरकार दोन दिवस मुलांच्या हाती बंदुका देतं. पहिला धडाका झाला की हरणं जी गडप होतात ती होतातच! शिवाय त्या दोन दिवसांत आम्हा धनुष्यवाल्यांनाही भडक नारिंगी बंडी घालावी लागते. पानांच्या रंगाचे कपडे, तोंडाला काजळी, आणि वर लग्नाच्या मांडवासारखी बंडी! हरणाला तो रंग नीट दिसत नाही, हे मीच मुलांना शिकवतो. पण आपल्याला दिसतो ना!

म्हणून मी क्लबात ठराव मांडला. मुलांचे दिवस धनुष्याच्या हंगामातून हलवा. मतदान रविवारी संध्याकाळी, म्हणजे नेमकं मुलांच्या शिकारीचे दिवस संपताना.

विरोधात उभी राहिली बर्निस. शाळेत माझ्या बाकाशेजारी बसायची, पुढे शाळेची बस चालवायची, आणि आवाज अजून बसच्या भोंग्यासारखा.

"काय रे नॉर्बर्ट, नोव्हेंबरात पोरांच्या पायाची बोटं गोठतात, तेव्हा पाठवायचं का त्यांना? तुला हरीण मिळत नाही, त्याचा राग पोरांवर कशाला?"

"राग कसला? रानात शिस्त नको?"

"शिस्त! तुम्ही धनुष्यवालेच मुद्दाम खोकता, शिंकता, पोरांची हरणं उधळता!"

हे मात्र लागलं. मी ताडकन उठलो. "आमच्यातला एक जरी माणूस मुलाच्या शिकारीत साधा शिंकला, तर ठराव मी स्वतः मागे घेईन!"

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं चालत नाही.

शनिवारी पहाटे मी मचाणावर चढलो. सुरक्षेचा पट्टा झाडाला बांधला, अंगात ती बंडी. उजाडू लागलं. मेपलची पानं एकेक करून पेटल्यासारखी लाल होत होती. इतकी वर्षं बघतोय, तरी दर वेळी तोंड उघडंच राहतं. ते उघड्या तोंडाने बघताना मी थोडा पुढे वाकलो आणि पाय घसरला!

पट्ट्याने झेललं मला, पण एक बूट बसायच्या जागेच्या दोरीत अडकला. त्यामुळे पाय वर, डोकं खाली! वटवाघूळही याहून ऐटीत लटकतं. धनुष्य वरच राहिलं. बंडीच्या गुंड्या लावल्या नव्हत्या. ती अलगद डोक्यावरून सुटली, वाऱ्यावर तरंगत गेली आणि समोरच्या मोकळ्या जागेपलीकडे एका झुडपावर जाऊन बसली. बसली म्हणजे अगदी माणूस बसतो तशी!

आता हाक मारावी, तेवढ्यात खाली पानं वाजली. बर्निस! आणि तिच्यासोबत तिची नात हेडी, बारा वर्षांची, माझ्याच वर्गातली, हातात बंदूक.

"इथेच बस," बर्निस कुजबुजली. "मास्तरचं मचाण असेल इथे कुठेतरी. पण तो आज कसला येतोय! हात आखडले असतील थंडीने."

आणि दोघी माझ्याच झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसल्या.

बघा आता माझी अवस्था! हाक मारली तर मुलीची शिकार मोडली आणि ठराव गेला. नाही मारली तर सगळं रक्त डोक्यात. मी ठरावासाठी लटकत राहिलो. नाकात काहीतरी हुळहुळायला लागलं. मी दोन्ही हातांनी नाक गच्च धरलं.

आणि तो आला.

आवाज नाही, चाहूल नाही. आधी नुसतं धुकं होतं, मग त्या धुक्यात शिंगं होती. एखादा निष्पर्ण ओक चालत यावा तशी! मी उलटा असल्यामुळे तो मला आभाळात लटकून चालत येताना दिसला; खूर वर जमिनीला आणि शिंगं खाली ढगांत. नाकपुड्यांतून वाफ निघत होती. मोकळ्या जागेच्या मधोमध तो थांबला आणि त्याने मान वळवली. सगळं रान त्याच्यासाठी श्वास रोखून उभं आहे असं वाटलं. माझ्या नाकाचं हुळहुळणंसुद्धा थांबलं. खरं सांगतो, त्या घटकेला माझ्या हातात धनुष्य असतं, तरी मी ते उचललं नसतं.

हेडीने बंदूक खांद्याला लावली.

"मार," बर्निस पुटपुटली.

हेडी हलली नाही.

"अगं मार ना! असा जन्मात पुन्हा उभा राहायचा नाही!"

"आजी, मागे कुणीतरी बसलंय."

"कुठे?"

"त्याच्या मागे. नारिंगी दिसतंय."

"हलत तर नाही कोणी!"

"म्हणून काय झालं? झोपला असेल." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मला वरून, म्हणजे माझ्या दृष्टीने खालून, स्वच्छ दिसत होतं. "मागे काय आहे ते कळेपर्यंत चाप ओढायचा नाही. मास्तर म्हणतात, हरीण पुन्हा येतं, माणूस येत नाही."

तिने नळी खाली केली. काडतूस काढून खिशात ठेवलं. हरणाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि जसं आलं तसं धुक्यात विरघळून गेलं.

मी मोठमोठी माणसं पाहिली आहेत. आमच्या क्लबातल्या भिंती त्यांनी मारलेल्या हरणांच्या शिंगांनी भरल्या आहेत. त्यांतल्या किती जणांनी त्या घटकेला बंदूक खाली केली असती? मी केली असती? मी तसाच टांगलेला, आणि घशात आवंढा. उलटं लटकून आवंढा गिळणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं.

हेडी तरातरा झुडपापाशी गेली. "आजी! माणूस नाही, नुसती बंडी आहे! आतून नाव लिहिलंय..." तिने वाचलं. मग हळूच मान वर केली.

"मास्तर? तुम्ही वर काय करताय?"

आणि तेव्हाच, इतका वेळ दाबून ठेवलेली ती शिंक आली! झाडावरचे कावळे उडाले.

"शिंकला!" बर्निस ओरडली. "हेडी, तू साक्षीदार आहेस!"

"आधी खाली उतरव गं बाई!"

"उतरवते. घाई काय आहे? तुझा रंग छान बिटासारखा झालाय, जरा बघू दे."

रविवारी हॉल भरला होता. मी उभा राहिलो. शिंकेचं सांगितलं, बंडीचं सांगितलं, आणि मग हेडीचं सांगितलं. "अशी मुलं रानात असतील," मी म्हणालो, "तर मी नारिंगी बंडीच काय, नारिंगी विजारही घालीन. माझा ठराव मी मागे घेतो. शिंकेमुळे नाही, हेडीमुळे." बर्निसने चष्मा पुसला. मला वाटलं, मास्तरकीचं सार्थक झालं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून हेडीचा हात वर झाला.

"मास्तर, मी एक ठराव मांडू?"

"मांड की बाळ!" मी म्हणालो.

"आम्हा मुलांसोबत रानात कायम एक मोठं माणूस लागतं, हात पुढे केला की पोचेल इतकं जवळ. तसंच म्हाताऱ्या धनुष्यवाल्यांसोबतही कुणीतरी असावं. पडले तर?"

हॉल हसून हसून आडवा झाला. ठराव एकमताने मंजूर! सगळ्यात आधी "अनुमोदन!" म्हणून ओरडली ती आर्डिस. ती तर क्लबची सभासदसुद्धा नाही!