रविवारचं दार

सकाळी बोटीवर चहाचा मग हातात देताना नोलीनने विचारलं, "आज काय विशेष?" तेव्हा मर्डॉकने चेहरा अगदी कोरा ठेवला.

"विशेष? काही नाही. जरा किनाऱ्यावर पाय मोकळे करून येईन म्हणतो."

"बरं," नोलीन म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली.

मर्डॉक मनातल्या मनात खूश झाला. आपण इतका चांगला अभिनय करू शकतो, हे त्यालाही माहीत नव्हतं. उद्या नोलीनचा साठावा वाढदिवस. लग्नाला तीसेक वर्षं होऊन गेली आणि त्यातले बहुतेक वाढदिवस हा गृहस्थ विसरला होता. पूर्वी नोलीन रुसायची, भांडायची. गेल्या वर्षी मात्र भांडली नाही. मासे तळले, त्याला वाढले आणि रात्री झोपताना शांतपणे म्हणाली, "साठावा विसरलास तर मी विमानाने थेट न्यूझीलंडला बहिणीकडे. तू आणि तुझा नांगर, करा संसार."

त्यांच्या शिडाच्या बोटीवर माणसं दोनच. त्यातलं एक विमानाने गेलं तर उरलेल्याने सुकाणू धरायचं की शीड ओढायचं? शिवाय मर्डॉकचं तिच्यावर प्रेमही होतं. ते तो सहसा बोलून दाखवत नसे, कारण निवृत्त प्लंबर होता. प्लंबर लोक प्रेम दुरुस्तीतून दाखवतात.

म्हणून भेट ठरली: संडासाचं दार. दोन वर्षांपूर्वी ते बिजागरीतून निखळलं, नंतर एका वादळात समुद्रात गेलं आणि तिथे आला फुलाफुलांचा पडदा. नोलीन बोटीवरच्या प्रत्येक गोष्टीबद्दल बोलायची. गळक्या नळाबद्दल, कुबट गाद्यांबद्दल, मर्डॉकच्या पायांच्या वासाबद्दल. दाराबद्दल मात्र दोन वर्षांत चकार शब्द नाही. 'एवढी गप्प आहे म्हणजे फारच मनाला लागलंय बिचारीच्या,' असा मर्डॉकने हिशेब केला होता.

फळी त्याने मागच्या बेटावर, निउएला, घेऊन शिडांच्या खणात दडवली होती. ती आणि करवत ताडपत्रीत गुंडाळून तो छोट्या होडीतून वल्ही मारत किनाऱ्यावर आला. पॅसिफिकमधल्या टोंगा देशातलं लहानसं गाव. एका विलायती फणसाच्या झाडाची सावली बघून त्याने फळी एका ओंडक्यावर टेकवली आणि करवत चालवायला सुरुवात केली.

गाव अगदी सुनसान होतं. डुकरंसुद्धा झोपलेली. झाडापलीकडच्या चर्चमधून तेवढं गाणं ऐकू येत होतं. 'उद्याच्या प्रार्थनेची तालीम दिसते,' मर्डॉक मनाशी म्हणाला, 'काय पण मेहनती लोक!' आणि त्याने गाण्याच्या ठेक्यावर करवत ओढायला घेतली. खर्र, खर्र.

गाणं थांबलं. करवत थांबली नाही.

थोड्या वेळाने तिथल्या रीतीप्रमाणे कमरेला चटई गुंडाळलेला एक आडदांड माणूस समोर येऊन उभा राहिला. हा सेमीसी, चर्चची व्यवस्था बघणारा.

"पाहुणे, काय चाललंय?"

"दार करतोय."

"आज?"

"आजच व्हायला पाहिजे हो. उद्या बायकोचा वाढदिवस. रविवारी तुमच्याकडे काम चालत नाही ना, मला माहीत आहे. म्हणून तर शनिवारीच उरकतोय." आपल्याला इथले रीतिरिवाज किती ठाऊक आहेत या अभिमानाने मर्डॉक हसला.

सेमीसी हसला नाही. "दादा, ज्याला तुम्ही उद्या म्हणताय ना, तो आज आहे."

मर्डॉकने घड्याळ पुढे केलं. सेमीसीने मान हलवली. "निउएहून आलात ना? तिकडचे सगळे असेच येतात. काटे तेच राहतात, तारीख तेवढी बदलते. मध्ये समुद्रात वाररेषा आहे, तिथे एक अख्खा दिवस गळतो."

बोटवाल्यांना हे पाठ असतं. मर्डॉकलाही होतं. पण बंदरावर कागदपत्रं करायला कप्तान म्हणून नोलीन गेली होती आणि हा इंजिनात डोकं घालून बसला होता. कुणी तारीख विचारली नाही, याने बदलली नाही.

"म्हणजे वाढदिवस आज?" मर्डॉक मटकन ओंडक्यावर बसला. सकाळचं ते 'आज काय विशेष?' त्याला आठवलं, आणि आपलं उत्तरही. "मेलो! मला बोटीवर जाऊ द्या!"

"वल्ही मारून? रविवारी?" सेमीसीने करवत काढून घेतली. "ही उद्या मिळेल. आणि वल्ह्यांचं पाद्रीसाहेबांना विचारावं लागेल. ते आत आहेत. चला."

मर्डॉक अर्ध्या चड्डीत होता. सेमीसीची बायको लुपे धावत घरी गेली, नवऱ्याची लुंगी आणि जुनी चटई घेऊन आली आणि तिने ती त्याच्या कमरेला अशी आवळली की त्याला श्वास घेता येईना. मग त्याला शेवटच्या बाकावर बसवण्यात आलं. प्रार्थना लांबत गेली. खिडकीतून बोट दिसत होती. नोलीन बाहेर येऊन एकटीच बसली होती, किनाऱ्याकडे पाठ करून. ती पाठ बघून मर्डॉकने बाहीने डोळे पुसले. शेजारच्या म्हातारीला वाटलं, प्रवचनाचा परिणाम झाला. तिने त्याला पंख्याने वारा घातला.

सगळे बाहेर पडले तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवरच खटला उभा राहिला.

"बायकोची माफी मागायला होडी वल्हवणं, हे काम धरायचं का?" सेमीसीने विचारलं.

"काम तर आहेच," पाद्रीसाहेब विचार करून म्हणाले. "आणि जड काम आहे. मी केलंय."

"पण दयेचं काम आहे ना?" लुपे मध्येच म्हणाली. "दयेला रविवारची आडकाठी कधीपासून? जा हो दादा. आणि ताईंना जेवायलाच घेऊन या. जमिनीतली भट्टी उघडायची वेळ झाली."

मर्डॉक लुंगी सावरत, चटईत अडखळत, वल्ही मारत बोटीशी पोचला. नोलीनने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हे काय सोंग?"

"वाढदिवसाच्या शुभेच्छा," तो धापा टाकत म्हणाला. "मी विसरलो नव्हतो गं. देवाशप्पथ. मला तो उद्या वाटला!" आणि त्याने सगळं सांगितलं, घड्याळ, फळी, करवत, दार.

 नोलीनचे डोळे भरून आले होते. "एका दिवसाने चुकलास," ती म्हणाली. "एरवी तू महिन्याने चुकतोस." आणि तिने त्या चटईसकट त्याला मिठी मारली.

दोघं किनाऱ्यावर पोचली तेव्हा भट्टीतून नारळाच्या दुधात शिजलेली पानं आणि कंदमुळं निघाली. मर्डॉक सेमीसीजवळ बसून आडवा हात मारत होता. लुपे नोलीनच्या कानाशी लागली.

"ताई, नशीब काढलंत. नवरा एवढ्या उकाड्यात दार करत होता. दोन वर्षं पडद्यावर काढलीत म्हणे?"

नोलीनने इकडेतिकडे पाहिलं. "लुपे, कुणाला सांगू नकोस. ते दार मीच काढलं होतं."

"अगो बाई!"

"भर समुद्रात होतो. मी दुपारी झोपून उठले तर सुकाणूवर हा नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. वाटलं, पडला पाण्यात. बोट वळवली, लाटेमागून लाट शोधत रडत होते. तेवढ्यात संडासाचं दार उघडून हा बाहेर आला, हातात मासिक. मला विचारतो, 'काय गं, दिशा का बदललीस?'"

लुपेने तोंडावर हात ठेवला. हसावं की रडावं तिला कळेना.

"त्याच दिवशी बिजागरीचे स्क्रू सैल केले," नोलीन म्हणाली. "पडदा असला की आवाज येतो. हा बोटीवर आहे, एवढं कळलं की मला झोप लागते."

"मग आता? करवत तर सकाळी परत द्यायची."

"एवढ्या लवकर? रविवारी करवत चालवली त्याने. मोठं पाप आहे."

लुपेने नवऱ्याकडे पाहिलं, मग नोलीनकडे. "खूपच मोठं," ती गंभीरपणे म्हणाली.

सोमवारी सेमीसीने सगळं चर्च पालथं घातलं, बाकांखाली शोधलं, डुकरांच्या कुंपणातही पाहिलं. करवत काही सापडली नाही. बिचारा इतका ओशाळला की भरपाई म्हणून केळ्यांचा अख्खा घड बोटीवर आणून दिला. मर्डॉकने नोलीनचा हात हातात घेतला आणि पुढच्या बंदरात नवी करवत घेऊन दार नक्की करीन, असं वचन दिलं.

"घाई नाही रे," नोलीन म्हणाली. "मी सहन करीन."

दोन दिवसांनी ते निघाले. सुकाणू वाऱ्यावर बांधून ठेवलेलं, शीड भरलेलं. नोलीन दुपारची आडवी झाली होती. फुलाफुलांच्या पडद्यामागून चर्चमधलं ते गाणं येऊ लागलं, सूर चुकलेला, शब्द त्याहून चुकलेले. नोलीनने कूस बदलली आणि तिला गाढ झोप लागली.