ऑयगेनच्या मयताला गेलेली गाडी

मला लिहायची हौस नाही. सातवीनंतर शाळेचा आणि माझा संबंध संपला, पुढची सगळी वर्षं मी खडीचा ट्रक चालवला, आणि खडीला कधी काही लिहून द्यावं लागलं नाही. पण ऑयगेन क्यूब्लरच्या मयताची गोष्ट स्टुटगार्टपलीकडच्या आमच्या खोऱ्यात जो तो आपापल्या सोयीने सांगतो. शेवटी बायको, इर्मट्राउड, म्हणाली, "एकदाचं लिहून टाक, म्हणजे दर रविवारी जेवताना तरी ऐकावं लागणार नाही." म्हणून लिहितोय. खुशीने नाही.

ऑयगेन माझा शेजारी, आणि दोस्तही म्हणायला हरकत नाही. दोघांकडे दिसायला एकच गाडी: छप्पन्न सालची, रुपेरी, बुटकी, उघडी पोर्शे. फरक एवढाच की त्याची अस्सल आणि माझी नक्कल. जुन्या फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर फायबरचं अंग चढवून ती मी स्वतः बनवली. (डावा दरवाजा तिसऱ्या खेपेला नीट बसला. उजवा अजून बसतोय.) आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या मेळाव्यात अस्सल गाड्या चर्चच्या सावलीत उभ्या राहतात आणि नकलांना जागा मुतारीच्या मागे. हा नियम अध्यक्षांचा, डॉक्टर रीडिंगरांचा. ते दातांचे डॉक्टर. माणसाच्या तोंडात नकली चालतं, रस्त्यावर नाही.

ऑयगेन त्यांच्याही वरताण. तीस वर्षं तो माझ्या गाडीला दह्याचा प्लॅस्टिकचा डबा म्हणत आला. ऊन वाढलं की कुंपणावरून विचारायचा, "गॉटलोब, फ्रिजमध्ये ठेवलीस ना रे?" स्वतःच्या गाडीला मात्र कुणाला बोट लावू द्यायचा नाही. हाताच्या घामाने लोखंड गंजतं म्हणे. मीही टोपी काढून लांबूनच बघायचो.

मार्चमध्ये तो गेला. त्याआधी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला, "चर्चपासून कबरीपर्यंत माझी गाडी पुढे पाहिजे. चालवायची तू. रीडिंगरच्या हातात देऊ नकोस." मी शब्द दिला. त्या गाडीत त्याने मला एकदाही बसवलं नव्हतं, त्यामुळे रडता रडता मला थोडं बरंही वाटलं.

मयताच्या सकाळी काळा कोट घालून त्याच्या गॅरेजात गेलो. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. मागचं इंजिनाचं झाकण उघडावं तर त्याला कुलूप, आणि त्याची किल्ली ऑयगेनने हट्टाने आपल्या जाकिटाच्या खिशात ठेवून घेतलेली. जाकीट अंगात, अंग पेटीत, पेटी चर्चमध्ये. तेवढ्यात घंटा सुरू झाल्या.

दिलेला शब्द मोडायचा की अर्धा पाळायचा, एवढाच प्रश्न होता. मी त्याच्या गाडीच्या नंबरपाट्या काढल्या आणि माझ्या गाडीला लावल्या. (पाट्या काढताना हातमोजे घातले होते. लोखंड गंजू नये म्हणून.)

माझी गाडी त्या दिवशी फार शहाण्यासारखी वागली. पेटीच्या पुढे पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने गेली, सायलेन्सरमधून एकदाही फटका मारला नाही. कबरीपाशी रीडिंगरांनी तिच्या पुढच्या झाकणावर हात ठेवून भाषण केलं. "या लोखंडाला आत्मा आहे," ते म्हणाले. "हातमोज्यातूनसुद्धा जाणवतो. प्लॅस्टिकमध्ये हा कुठून आणणार?" आणि माझ्याकडे बघितलं. लोकांनी डोळे पुसले. इर्मट्राउडने तेवढं गाडीच्या उजव्या दरवाजाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गॉटलोब, काय करून बसलास?"

"रड," मी म्हणालो.

इथपर्यंत निभावलं होतं. पण नंतर खाणावळीत, बटाट्याच्या सॅलडवर, रीडिंगर ऑयगेनच्या बायकोच्या, हेडविगच्या, मागे लागले. गाडी मंडळाला द्या, सभागृहात काचेमागे ठेवू. ती म्हणत होती, राहू दे डॉक्टर, घरीच बरी आहे. ते ऐकेनात. थकून तिने मान हलवली, तर त्यांनी लगेच माझ्यापुढे हात पसरला. आत्ताच नेतो, चावी द्या.

माझी गाडी.  तोंडातला बटाटा तसाच ठेवून मी सगळं सांगून टाकलं.

 मग रीडिंगर म्हणाले की मी मेलेल्या माणसाला फसवलं, मंडळातून माझं नाव गेलं, आणि पोलिसांनी काय करायचं ते पोलीस बघतील. मला दंडाला धरून त्यांनी ऑयगेनच्या गॅरेजात नेलं, मागून सगळे. मंडळाचा प्रत्येक जण खिशात लोहचुंबक बाळगतो, गाडीच्या अंगात पत्र्याऐवजी कुठे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे ते शोधायला. रीडिंगरांचं मऊ चामड्यात गुंडाळलेलं असतं.

"बघा, हेफेले," ते मला आडनावाने हाक मारून म्हणाले. "अस्सल म्हणजे काय ते एकदा बघून घ्या."

त्यांनी ते पुढच्या चाकावरच्या मडगार्डला टेकवलं आणि हात काढला. लोहचुंबक खाली पडलं. उचलून पुसलं, दरवाजाला लावलं. पडलं. तिसऱ्या वेळी त्यांनी अंगठा काढलाच नाही. पण अंगठा लावून माणूस किती वेळ उभा राहणार?

"पुरे आता, डॉक्टर," हेडविग म्हणाली. "त्यानेच बनवली होती ती. गॉटलोबच्या आधी."

मी हेडविगकडे वळलो. "मग मला का नाही बोलला?"

"कसा बोलणार? तुझी त्याच्यापेक्षा चांगली झाली ना."

रीडिंगर आठवड्याने बाटली घेऊन घरी आले, उभ्यानेच माफी मागितली आणि माझं नाव पुन्हा मंडळात घातलं. हेडविगनेही माफी मागितली आणि ऑयगेनची गाडी मला देऊन टाकली. आता मेळाव्यात मुतारीच्या मागे माझ्या एक सोडून दोन गाड्या उभ्या असतात. बाहेरगावचं कुणी आलं की विचारतं, यातली अस्सल कुठली? मी मुकाट्याने ऑयगेनच्या गाडीकडे बोट दाखवतो, आणि ते माझ्या गाडीकडे पाठ करून तिचे फोटो काढतात.

सगळ्यांनी माफी मागितली. राहिलाय तो ऑयगेन क्यूब्लर.