भिंत चाटणारे ओव्हरसियर

त्र्यंबकराव भिंत चाटत. अलंकारिक बोलत नाही, खरोखर जीभ काढून चाटत. घरात शिरले की टोपी सारखी करायची, कोपऱ्यातली ओलसर जागा हेरायची, डोळे मिटून जीभ लावायची आणि वैद्यानं नाडी सोडावी तसं मागं सरून म्हणायचं, "खारट! भिंतीनं लोणा धरलाय. पाडा!"

जव्हार संस्थानात ते इमारतींचे ओव्हरसियर होते आणि मी कचेरीत कारकून, तपासणीची नोंद करायला त्यांच्यामागून फिरणारा. संस्थानच्या नोकरानं बिऱ्हाड थाटायचं तर आधी त्र्यंबकरावांनी घर तपासून पसंत करायचं, असा दंडक होता. तो कोणी काढला देव जाणे, पण त्यापायी कचेरीतली निम्मी मंडळी बायकामुलं असून सडेफटिंग राहत होती. कारण त्र्यंबकरावांना घर पसंत पडणं ही गोष्ट जव्हारात कोणी पाहिलेली नव्हती. ते स्वतः देवळाच्या धर्मशाळेत एका वळकटीवर राहत आणि वर ऐटीत सांगत, "राहण्यालायक घर आहे कुठं इथं?"

बरं, दोष सापडला की माणसानं वाईट वाटून घ्यावं. हे गृहस्थ खुलत. खांबाला कान लावून टिचकी मारायचे आणि लग्नघरातल्या यजमानासारखे हसायचे. "ऐका, लेले! वाळवीची पंगत बसलीय आत." ताजा चुना दिसला की तो नखानं खरवडलाच. "चुना कोण लावतो? ज्याला चीर लपवायची असते तो." शेणानं सारवलेल्या जमिनीवर टाच आपटून खालचं उंदराचं बीळ सांगायचे. घरमालकाचा चेहरा उतरला की यांच्या चेहऱ्यावर तेज चढे. असला हलकट आनंद मी दुसऱ्या कोणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

त्यांच्या त्या "पाडा"नं एकदा त्यांचीच फजिती केली. जामसरला संस्थानचं भाताचं कोठार होतं. ते तपासायला आम्ही गेलो. आढ्याकडे बघून त्र्यंबकराव गरजले, "पाडा!"

राखणदार म्हातारा हात जोडून म्हणाला, "वरला पाडा, सायेब."

"वरला-खालचा नाही. सगळंच पाडा!"

"सगळं पाडं बघाचं? मंग चला, सायेब," असं म्हणून म्हातारा चालू लागला. आमच्याकडे पाडा म्हणजे वस्ती, हे त्याला जन्मापासून ठाऊक. साहेबांना जव्हारात इतकी वर्षं काढूनही ठाऊक नव्हतं. कोठाराची मागची बाजू दाखवायला नेतोय, अशा समजुतीनं ते भर उन्हात त्याच्यामागून डोंगर चढले. वर पाड्यावरची माणसं गोळा झाली होती. दमलेल्या त्र्यंबकरावांनी पहिल्याच झोपडीच्या भिंतीवर सवयीनं मूठ हाणली. भिंत कुडाची. हात कोपरापर्यंत आत गेला.

आतून एक बाई म्हणाली, "दार तं इकडं आहे, सायेब."

मी इतका हसलो की मला खाली बसावं लागलं. त्र्यंबकरावांनी हात काढून घेतला, बाही झटकली आणि म्हणाले, "पाहिलंत? मजबुती नाही."

हसण्याचे दिवस संपले ते माझी पाळी आली तेव्हा. माझी बायको कल्याणला माहेरी बाळंत झाली होती. मुलगी रांगायला लागली, तरी मी तिला बारशानंतर पाहिली नव्हती. मेहुण्याचा निरोप आला, की पावसाआधी नेलंत तर ठीक, एकदा चिखल झाला की बैलगाडी घाट चढणार नाही, मग दिवाळीनंतरच. मी घरं शोधत सुटलो. त्र्यंबकराव प्रत्येक घर चाटून नापास करत सुटले. एकाचा पाया खचलेला, दुसऱ्याच्या चुलीचा धूर माजघरात कोंडणारा, तिसऱ्याचे वासे पोखरलेले.

शेवटी इस्माईलचाचांचं घर उरलं. चाचा गाडीची चाकं बनवत. आता ते मुलाकडे राहायला गेले होते, म्हणून त्यांचं जुनं घर मोकळं होतं. त्र्यंबकराव तिथंही कोपऱ्यात वाकले.

चाचा म्हणाले, "रावसाब, माझी सगळी पोरं ह्याच घरात वाढली. एकाच्या पन डोक्यावर कौल पडलं नाय."

"पडलं नाही म्हणजे पडणार नाही असं नव्हे. लोणा आहे, वाळवी आहे. पाडा!"

माझं डोकं फिरलं. "पाडा, पाडा! तुमच्या जिभेला हाड आहे का? पोरगी बापाला ओळखत नाही माझी! आता बायकोला काय कळवू? अजून वाट बघ म्हणून?"

मला वाटलं, ते चवताळतील. ते उंबऱ्यावर बसले.

"तसं नका कळवू," ते म्हणाले. "मी कळवलं होतं. नाशकास. घर नीट बघतो, मग ये. ती म्हणे, कसलंही चालेल. मी म्हटलं, छे, ओल असलेल्या घरात तुला आणायचं? बघतच राहिलो. मग नाशकात पटकीची साथ आली. तिच्या माहेरचं घर चांगलं होतं हो, लेले. चिरेबंदी. एक चीर नव्हती कुठं."

चाचांनी त्यांना पाणी आणून दिलं. हा माणूस मला कधी आवडला नव्हता आणि त्या क्षणीही आवडला असं म्हणवत नाही, पण त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसल्यावाचून मला राहवेना.

"बोलवा त्यांना," ते म्हणाले.

"आणि वाळवी?"

"असू दे. मी वासे बदलून घेतो. पाऊस लागायच्या आत त्या इथं असल्या पाहिजेत." मग टोपी हातात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बिऱ्हाड लागलं की मला सांगा. येईन म्हणतो एकदा. मला दाखवतात ती सगळी रिकामी घरं असतात."