पंधरा शब्द आणि चाळीस बाया

"चार दिवस, चाळीस बाया! सोमवारी आकडे तुमच्या टेबलावर!" भुपेंद्रनं मोना मॅडमना फोनवर छातीठोक सांगून टाकलं.

मॅडमनी नुसता उसासा सोडला. एकेकाळी तो शिकवायचा तेव्हा त्या त्याच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या. आता त्या मानसशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या आणि तो गेली सात वर्षं त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होता. तीनदा मुदत वाढवून झाली होती. सोमवारी आकडे आले नाहीत, तर नोंदणीच रद्द! "जपून करा, सर," एवढंच त्या म्हणाल्या.

विषय मात्र झकास होता. मोबाईल नुसता शेजारी असला तरी माणसाला कमी आठवतं, हे त्याचं गृहीतक. अर्ध्या बायांचा मोबाईल समोर टेबलावर, अर्ध्यांचा पलीकडच्या खोलीत. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, पाच मिनिटं गप्पा मारायच्या आणि मग किती आठवतात ते मोजायचं. बायांची तर काळजीच नव्हती. करडी गावात त्याची माय, आनंदाबाई, भाताची रोवणी करणाऱ्या चाळीस बायांची म्होरकी होती. तिनं हाक दिली की शेताच्या बांध्याच्या बांध्या दुपारपर्यंत धानाच्या रोपांनी हिरव्या व्हायच्या. तिथं संशोधन ते काय!

गुरुवारी रोवणी आटोपून पहिल्या दहा बाया समाजमंदिरात आल्या. पाय चिखलानं भरलेले, कंबरेवर हात. मंदाबाईला सहा शब्द आठवले.

"सहा! वा! असंच पाहिजे!" भुपेंद्र खूश झाला.

ललिताबाईला पाच आले, कुणाला सात. सगळं कसं पुस्तकात असतं तसं! निघताना त्यानं प्रत्येकीला बजावलं, "हे शब्द कोणाले सांगू नका बरं!" त्या दिवशी तो सात वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

शुक्रवारी पुढच्या दहा आल्या. पहिलीला पंधरापैकी पंधरा आठवले. दुसरीलाही पंधरा. तिसरी तर वाचून दाखवण्याआधीच म्हणायला लागली!

"थांबा वो, मी अजून सांगितलेच नाईत!"

"मंग सांगा ना भाऊ लवकर. सयपाक पडला हाय माहा."

दहाच्या दहा जणींना पंधराच्या पंधरा, तेही त्याच क्रमानं. मोबाईल जवळ असो की लांब, काडीचा फरक नाही. शिवाय प्रत्येकीच्या चौथ्या शब्दानंतर "गा बाई" असं काहीतरी येत होतं. ते यादीत नव्हतं.

शनिवारी सकाळी तो तडक रोवणीवर गेला. चाळीस बाया ओळीनं वाकून रोपं लावत होत्या आणि मधोमध आनंदाबाई खड्या आवाजात गाणं सांगत होती:

"चमचा गेला ढगात, कुलूप माकडाच्या हातात, गा बाई!"

मागून चाळीस गळे: "साबण पेनासंगं इहिरीत, टोपी घंटेच्या घरात, गा बाई!"

भुपेंद्र मटकन बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसला. त्याचं नियंत्रण, त्याचा नमुना, त्याची पीएच.डी., सगळं चिखलात रोवलं जात होतं.

"माय! तुले हे शब्द कोणं सांगितले?"

"कोणंच पुरे नाई सांगितले. मंदीले सहा येत होते, ललितीले दुसरे पाच. दहाजणी मिळून जमवले आमी." आनंदाबाईनं कंबर सरळ केली. "पंधरातले पाच म्हंजे नापासच ना रे? तुह्या परीक्षेत माह्या बाया नापास होतीन, असं होऊ देईन काय मी?"

"त्यायची परीक्षा नाई ना, माय!"

"मंग तुही?"

"माही बी नाई. मोबाईलची!"

"मोबाईल कोणत्या वर्गात हाय?" मागून मंदाबाईनं विचारलं आणि सगळी बांधी हसली.

भुपेंद्रला मात्र रडू येत होतं. "माय, माही नोंदणी रद्द होईन. सात वर्सं पाण्यात जातीन. पंधरा नको आहेत मले!"

त्याचा चेहरा पाहून आनंदाबाईचं हसू मावळलं. ती हळूच म्हणाली, "नाई शिकवत बापू. आईची आन."

त्यानं नवी यादी केली. शनिवार-रविवार मिळून चाळीसही जणींना बसवलं. यादी कुणी कुणाला सांगितली नाही, कुणी गाणं रचलं नाही. मंदाबाईनं सहा सांगितले. ललिताबाईनं सहा. तिसरीनंही सहा. विसाव्या बाईच्या सहाला त्यानं आधीचे आकडे पुन्हा तपासून पाहिले. एक बाई घडाघडा सात बोलून गेली आणि जीभ चावून म्हणाली, "एक वापस घ्या, भाऊ!"

रविवारी संध्याकाळी चाळीस ओळींत एकोणचाळीस वेळा सहा आणि एकदा सात लिहिलेला कागद घेऊन तो घरी आला.

"माय, तू आन घेतली होती!"

"एक शब्द नाई शिकवला!" आनंदाबाई भात वाढता वाढता म्हणाली. "तूच मंदीले म्हनला होता ना, सहा, असंच पाहिजे? आन पंधरा नको म्हनून रडला. मंग मी बायायले सांगतलं, सहाच्या वर कोणी जायचं नाई. पोराचं काम व्हाले पाहिजे."

त्यानं ताट पुढं ओढलं.

सोमवारी सकाळी त्यानं समाजमंदिराच्या पायरीवर बसून मॅडमना फोन लावला आणि सगळं कबूल केलं.

"गाण्यानं पंधराच्या पंधरा येतातच कसे, सर? शब्द फार सोपे असतील. कोणते होते?"

यादीचा कागद घरी राहिला होता. भुपेंद्रनं डोळे मिटले. पाय आपोआप ताल धरायला लागला. "चमचा, ढग, कुलूप, माकड, गा बाई..." तो थांबला तो थेट पंधराव्या शब्दाला.

पलीकडे मॅडम बोटांवर मोजत होत्या.

"सर, मोबाईल कुठंय तुमचा?"

"कानाला."

"आणि पंधरापैकी पंधरा!" मॅडमनी पुन्हा तोच उसासा सोडला. "गाण्यावर आणि आठवणीवर करा आता. विषय चांगलाय. पण ही नोंदणी आज रद्द होईल. नवी करावी लागेल, पहिल्या वर्षापासून."

तो घरी आला तेव्हा आनंदाबाई रोवणीला निघत होती. "काय म्हनते तुही मॅडम? झाला का पास?"

"नाई, माय. सगळं पहिल्यापासून. अजून सात वर्सं लागतीन."

आनंदाबाईनं पदर खोचला. पोरगा यंदा तीन वर्षांनी चार दिवस सलग घरी राहिला होता.

"म्हंजे पुढच्या रोवणीले बी येशीन ना?" तिनं विचारलं. तिला हसू काही लपवता आलं नाही.