माझी वीत, यांची वीत

एक होती म्हातारी, ती मी. एक होता म्हातारा, ते आमचे हे. एक होती लेक, नुकती बाळंत झालेली. आणि एक होती लोखंडी शेगडी, लाकडं खाणारी, नवी कोरी आणि थंडगार. थंड, कारण धुराड्याचा पाइप बाहेर काढायला भिंतीत भोकच नव्हतं.

लेकीने फोनवर बजावलं होतं, "आई, खोली उबदार असेल तरच बाळाला घेऊन येईन. नाहीतर आम्ही सासूबाईंकडेच बरे."

नातवंड माझं आणि ऊब विहिणीची? मी कंबर कसली.

हे म्हणाले, "पत्रेवाल्याला बोलावू."

"एका भोकाला माणूस कशाला? दोघं धडधाकट आहोत की!" (धडधाकट म्हणजे यांना कमी ऐकू येतं आणि मला कमी दिसतं.)

भिंत फळ्यांची, दुहेरी. मी आतून कापायचं, यांनी बाहेरून. खिडकीच्या चौकटीपासून पाच विती, असं ठरलं. आणि भोक पाइपापुरतंच, घट्ट. फट राहिली तर वारा शिरेल, असा माझा हुकूम.

घाम गाळून मी भोक पाडलं, डोळा लावला, तर समोर फळी! बाहेरून यांची हाक आली, "अगं, तू दिसत नाहीस!"

"मलाही तुम्ही दिसत नाही!"

"मग मी कुणाच्या घराला भोक पाडलं?"

धावत बाहेर गेले. यांनी पाच विती मोजून दाखवल्या. मीही पाच विती मोजून दाखवल्या. यांचा पंजा सुपाएवढा, माझा चिमणीएवढा.

"तुझी वीतच आखूड!" हे म्हणाले.

"लग्नात हात धरलात तेव्हा नाही आखूड वाटला!"

शेवटी पत्रेवाला आलाच. दोन्ही भोकं बघून म्हणाला, "उंदीर बरेच मोठे आहेत तुमच्याकडे." मग त्याने माझ्या भोकात पाइप घालून पाहिला. गच्च बसला. मी खूश.

"आजी, अशी पेटवली असतीत ना, खोली काय, अख्खं घर गरम झालं असतं! तापलेला पाइप लाकडाला टेकला की फळीचा कोळसा."

पाळणा मी त्याच भिंतीशी लावणार होते.

"मग लाकूड किती लांब हवं?"

"चहूबाजूंनी वीतभर तरी."

"कुणाची वीत?"

त्याने आम्हा दोघांचे पंजे पाहिले. "यांची," म्हणाला. हे असे फुगले की दारात मावेनात.

पण नशीब बघा! त्याने एवढं मोठं भोक कापलं की माझं चुकलेलं आणि यांचं चुकलेलं, दोन्ही त्यातच गेली. मध्ये पत्र्याचं दुहेरी कडं बसवलं, त्यातून पाइप बाहेर काढला, छपराच्याही वर नेला आणि त्याच्या डोक्यावर टोपी घातली. शेगडी पेटली. धूर सुतासारखा सरळ वर गेला.

लेक आली, बाळ आलं, घर भरलं. एवढी छान ऊब आहे कळल्यावर विहीणबाईही मुक्कामाला आल्या. शेगडीजवळची खुर्ची आता त्यांची, बाळही त्यांच्याच मांडीवर. माझी खुर्ची दाराशी. दाराखालच्या फटीतून गार वारा येतो. मी म्हणते, फट चांगली वीतभर आहे.

हे म्हणतात, "छे! अर्धी वीतसुद्धा नाही."